कामून म्हणजे कम ऑन नव्हे

धान्याच्या खोलीतली तुरीची पोती नातीनं एकटीनं ओढत व्हरांड्यात आणली, खोलीत आडव्यातिडव्या दोऱ्या बांधल्या आणि घरातल्या झाडून सगळ्या वाकळा त्यांवर टांगल्या. जाड्या, पातळ, ठिगळांच्या, पाहुण्यांसाठी राखून ठेवलेल्यासुद्धा. एप्रिल महिना. या दिवसांत कर्नाटकाच्या सीमेवरच्या आमच्या कमलनगरची कुत्रीही दुपारी गटारात बसून राहतात आणि त्यांचं काही चुकतं असं मला वाटत नाही.

"अगं, ऊन बाहेर आहे. वाकळा आत का बरं वाळत घालतेस?" मी विचारलं.

"वाळत घालायले न्हाई आज्जी, ष्टुडिओ करायलेय. वाकळंनं आवाज घुमत न्हाई."

"मग घुमतो कशानं?"

"तुझ्यानं," दारातून तिचे आजोबा म्हणाले आणि लगेच पाणी प्यायला गेले. अशा वेळी त्यांना नेहमी तहान लागते.

ही माझ्या मुलाची मुलगी. कलबुर्गीला वाढली, तिथंच इंजिनियर झाली, आणि बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करायला शांत जागा पाहिजे म्हणून तिच्या बापानं तिला आमच्याकडे पाठवलं. येताना ती पुस्तकांची एक पिशवी, एक लॅपटॉप आणि चेंडूएवढा एक माईक घेऊन आली. पिशवीची गाठ तिनं सोडलीच नाही. माझ्या मुलाचा फोन आला की मी सांगायची, "पोरगी खोलीतून बाहेर येत नाही रे, सारखं काहीतरी पाठ करत असते." यात एक अक्षर खोटं नव्हतं.

ती पाठ करत होती ती तिची स्वतःची गाणी. हिपहॉपचा अल्बम. मला तिनं पहिल्याच दिवशी समजावून सांगितलं होतं. हे गायचं नसतं, बोलायचं असतं. पण असं बोलायचं की ठेका चुकता कामा नये आणि समोरच्याला झोंबलं पाहिजे.

"म्हणजे भांडण," मी म्हटलं.

"व्हय. पन तालात. आन् बाकीचे लोक गाड्या न् सोन्याच्या साखळ्यांवर करतेत, माझं तसलं न्हाई. माझं येगळं हाय. बंड हाय."

"कोणाविरुद्ध?"

"सगळ्यांच्या."

"बरं. आधी चहा घे, निवतोय."

अंगात असा ढगळ सदरा की त्यात तिच्यासोबत आणखी एक बहीण मावली असती. केस एका बाजूनं कातरलेले. शेजारणीनं मला हळूच विचारलं होतं, "पोरीला टायफाइड झालता का हो बाई?" मी हो म्हणून टाकलं. शेजारीण रोज पेज घेऊन यायला लागली. ती पेज आजोबांना आवडली.

गाणी मात्र चांगली होती. हे मी आजी म्हणून सांगत नाही. आजी म्हणून मी तिच्या पोळ्यांना चांगलं म्हणते. एका गाण्यात कमलनगरला न थांबता धूळ उडवून जाणारी एक्स्प्रेस बस होती. एकात दुकानाच्या तीन लिप्यांतल्या पाट्या, आणि तिन्हींत चुकलेलं एकच नाव. ठेका तिनं कशाकशाचा केला होता! हलगी तर होतीच, पण माझ्या कुकरची शिट्टी, जीप मागं घेताना वाजतो तो भोंगा, आणि पाखडताना तुरीचा होणारा आवाज. आणि प्रत्येक कडव्याच्या शेवटी एकच शब्द. कामून? म्हणजे आमच्या भागातलं 'का?'. मला सगळ्यांत आवडलेलं हे:

उंची पाच फूट, रंग निमगोरा,
मोजपट्टी कुनाची, कुनाचा तोरा?
बसलेय मी खुर्चीत, बघायलंय गाव,
मलाच पुसायलेत माझंच नाव.
कामून?

अल्बमचं नावही तेच होतं. 'कामून'.

आता पुण्याच्या माणसाकडे येते. तरुणच होता, रेकॉर्डिंगचा धंदा करणारा. मोबाइलवर दिसायचा तेव्हा अर्धा पडदा दाढीनं भरायचा. नातीची दोन गाणी ऐकून, अख्खा अल्बम मी बाहेर काढतो, असं त्यानं तिला कबूल केलं होतं. त्या आनंदात तिनं आजोबांना नाचवलं होतं. तर एका सकाळी त्याचा फोन आला. नातीनं आम्हाला ऐकू यावं म्हणून स्पीकर लावला. मी लसूण सोलत होते, आजोबा पेज पीत होते.

"बाकी सगळं कडक आहे," तो म्हणाला. "आणि ते शेवटी तू 'कम ऑन! कम ऑन!' ओरडतेस ना, त्यात तर जबरदस्त एनर्जी आहे. फक्त उच्चार जरा गावठी येतोय. 'कम ऑन' नीट म्हण."

नातीचं तोंड उघडंच राहिलं. मग आजोबांच्या नाकातून पेज आली.

आजोबा सरकारी बसचे कंडक्टर होते. औरादपासून कलबुर्गीपर्यंतचे सगळे रस्ते आणि त्या रस्त्यांवरच्या सगळ्या शिव्या त्यांना तोंडपाठ आहेत. कोणी हात केला की आमच्याकडचे कंडक्टर 'होल्डान!' म्हणून ओरडतात, की गाडी थांबते. आजोबा डोळे पुसत म्हणाले, "म्या जलमभर होल्डान होल्डान म्हनलो. मला वाटायचं कानडी हाय. रिटायर व्हायच्या टायमाला कळलं, इंग्रजी 'होल्ड ऑन' हाय म्हून. आन् ह्याला आमचं कामून इंग्रजी वाटायलंय! फिट्टंफाट झाली बघ."

नातीला मात्र हसू आलं नाही. तिनं त्याला समजावलं, की ते 'कम ऑन' नाही, 'कामून' आहे, म्हणजे 'का'. तो म्हणाला, "अच्छा! पण हे कोणाला कळणार? ऐकणाऱ्याला पहिल्या झटक्यात कळलं पाहिजे. एक तर 'का रे' कर, नाहीतर सरळ 'कम ऑन' ठेव. रविवारपर्यंत नवीन रेकॉर्डिंग पाठव. असं अर्धवट असेल तर माझ्याकडून हे निघणार नाही, सॉरी."

फोन ठेवल्यावर ती पोत्यावर बसून राहिली. मी सोललेल्या लसणात सालं टाकत होते आणि सालांत लसूण, तेही तिच्या लक्षात आलं नाही.

"बदल की एक शब्द," मी म्हटलं. "'का रे' काय वाईट आहे?"

"'का रे' लाडानं म्हनतेत आज्जी. 'कामून' म्हनलं की समोरच्याला उत्तर द्यावं लागतंय." मग म्हणाली, "कामून काढलं तर खाली काय ऱ्हायलंय? उंची आन् रंग. बायोडाटाच की."

दुपारपर्यंत तिला युक्ती सुचली. अल्बमच्या अगदी सुरुवातीला, ठेका सुरू व्हायच्याही आधी, एका म्हाताऱ्या बाईचा आवाज येणार. ती फक्त 'कामून?' विचारणार. पण असं विचारणार की बहिऱ्यालाही त्यात इंग्रजी ऐकू येऊ नये. एकदा तो शब्द कानात नीट बसला की मग पुढं प्रत्येक गाण्यात तोच ऐकू येईल. हे पटलं तर पुण्याचा माणूस शब्द ठेवील, नाही पटलं तर अल्बम गेला.

"म्हातारी कुठली आणणार?" मी विचारलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. आजोबांना परत तहान लागली.

तर अशी मी त्या वाकळांच्या खोलीत गेले. पंखा बंद, कारण पंख्याचा आवाज येतो. कानाला डबडी लावलेली. समोर चेंडू. नातीनं बोट वर केलं. मी घसा खाकरला, ताठ बसले आणि म्हणाले,

"का बरं?"

"आज्जी, कामून."

"हो हो. म्हणते." मी परत श्वास घेतला. "कशासाठी?"

"आज्जी!"

"थांब ना गं. घाई का बरं करतेस?"

तिनं डोक्याला हात लावला. "तू बातम्या द्यायलीस आज्जी. हवामान सांगतीस का आता?"

मला खरंच येत नव्हतं. ज्या मुलखात जन्म गेला, जिथं माझी आई, सासू, जावा, भाजीवाली, सगळ्या उठता-बसता कामून म्हणतात, तिथला तो शब्द माझ्या जिभेवर चढेचना. चढला तरी असा यायचा, जणू मी तो कोणाकडून वापरायला आणलाय आणि संध्याकाळी परत करायचाय. "का-मून." नात म्हणाली, "ह्ये तर चिनी वाटायलंय."

याला जबाबदार एक बया आहे. ती बया म्हणजे बावीस वर्षांची मी.

ती शिक्षिका व्हायला घाटावरच्या एका गावी गेली होती. आमच्या वस्तीतून शिकायला बाहेर पडलेली पहिली मुलगी, तेव्हा मान आधीच अर्धी वर. पहिल्याच दिवशी तिनं वर्गात विचारलं, "बाई, खिडकी कामून लावलाव?" वर्ग हसला. झालं. त्या दिवसापासून बयेनं ठरवलं, की आता असं बोलायचं, की हसणाऱ्यांना शब्दकोश काढावा लागला पाहिजे. माझ्या नातीनं केस कातरून बंड केलं. माझं बंड म्हणजे 'तथापि' म्हणणं. आरशासमोर उभी राहून मी 'तथापि' म्हणायचा सराव करायची, एक भुवई वर करत. नंबर नसलेला चष्मा घेतला होता. त्यातून सगळं नीट दिसायचं, फक्त माणसं जरा खालच्या पातळीवर दिसायची.

सुट्टीला घरी येताना बसमध्ये मी कंडक्टरला म्हणाले, "कृपया मला कमलनगर येथे उतरवावे." त्या कंडक्टरनं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं, तिकीट फाडलं आणि मागं तोंड करून ओरडला, "सरका ओ, सरका, कृपया आल्यात!" पुढच्या उन्हाळ्यात त्याच कंडक्टरचं स्थळ मला सांगून आलं. बघायच्या कार्यक्रमात मी पोहे देताना त्यानं हळूच विचारलं, "येथेच उतरायचंय का?" मी उतरले. अजून ते मला चिडवायचं असलं की 'कृपया' म्हणतात.

माझे सासरे जलशाचे शाहीर होते. जयंतीला आमच्या वस्तीत मंडप पडला की लोक मंत्र्याच्या भाषणाला येत नव्हते, सासऱ्यांच्या सवाल टाकण्याला यायचे. हातात हलगी, डोक्याला फेटा, आवाज असा की कर्नाटकात गायचे आणि महाराष्ट्रात ऐकू यायचं. ते एकेक ओळ टाकायचे आणि शेवटचा शब्द अख्खी वस्ती ओरडायची.

"विहीर गावाची, पानी आभाळाचं, घागर आमचीच अडती—"

"कामून!"

नवी सून म्हणून मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अंगावर काटा यायला पाहिजे होता. बयेच्या अंगावर चष्मा होता. तिनं घरी आल्यावर सासऱ्यांना सांगितलं, "मामा, कल्पना उत्तम आहे, तथापि शेवटचा शब्द ग्राम्य वाटतो. तिथे 'का बरे' घेतल्यास रचना अधिक भारदस्त होईल." माणूस भला. सून शिकलेली, तिचं मन मोडू नये म्हणून पुढच्या जयंतीला त्यांनी खरंच तसं केलं. हलगी वाजली, ओळ टाकली, "घागर आमचीच अडती, का बरेऽऽ?" मंडपात शुकशुकाट. पहिल्या रांगेत एका पोरानं जांभई दिली. मग मागून एक म्हातारी ओरडली, "ओ शाहीर, दातबित पडला का तुमचा? कामून म्हना की!" अख्खा मंडप हसून लोळला, सासरेही हसले, त्यांचे साथीदार हसले, आणि स्टेजच्या बाजूला नवी कोरी साडी नेसून बसलेली बया 'माझा काही संबंध नाही' असं तोंड करून छताच्या पताका मोजत बसली.

ही गोष्ट मी नातीला सांगितली. म्हटलं, मला का जमत नाही ते तिला पटेल आणि आम्ही हसून सोडून देऊ. ती हसली खरी, खूप हसली, पण मग म्हणाली, "पणजोबाला न्हाई कळलं का, की तू चुकायलीस म्हून?"

"कळलं असणार."

"मग कामून गायले तुझं?"

"लाडानं," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार.

रविवार उजाडला. तीन दिवस आमचा हाच कार्यक्रम चालला होता. नातीनं सगळे उपाय करून बघितले. मला राग यावा म्हणून तिनं माझ्या डब्यातले शेंगदाण्याचे लाडू खाल्ले. मला राग आला, पण मी म्हणाले, "अगं, विचारायचं तरी ना!" आजोबांनी सुचवलं, की हिला हिच्या जावेशी भांडायला लावा. जाऊ माझी खजुरीला असते. तिला फोन लावला. ती म्हणाली, "भांडायला मी रिकामी न्हाई, तूर भरडायलेय," आणि फोन ठेवला. आजोबा म्हणाले, "तुझ्या जागी म्या म्हनू का? बाईचा आवाज काढतो." त्यांनी काढलाही. तो आवाज ऐकून शेजारीण पेज घेऊन आली.

शेवटी नातीनं जे होतं तेच पुण्याला पाठवून दिलं. माझं 'का-मून', माझं 'का बरं', सगळंच. मग तिनं लॅपटॉपवर दुसऱ्या गाण्याचं काहीतरी करायला घेतलं. पण तिचं लक्ष फोनकडे. मीही वाकळांमध्येच बसून होते. बाहेर गेले तर हरल्यासारखं वाटलं असतं.

फोन वाजला. नातीनं तो लॅपटॉपशेजारी ठेवला, स्पीकर लावला.

"आजी आहेत का?" दाढीवाला अगदी आनंदानं म्हणाला. "आजी, काय सुंदर आवाज आहे तुमचा! आणि मी एक डिसिजन घेतलाय. ते 'का बरं' आहे ना तुमचं, तेच ठेवू या. सगळीकडे. अल्बमचं नावही 'का बरं'! किती गोड, किती शुद्ध आहे. खरं सांगू का, तुमचं मराठी ऐकून तिकडचं वाटतच नाही."

माझ्या तोंडावर पहिल्यांदा काय आलं सांगू का? हसू आलं. थोडं लाजलेसुद्धा. तिकडची वाटतच नाही! हे एक वाक्य ऐकण्यासाठी त्या बावीस वर्षांच्या बयेनं चष्मा घेतला, आरसा झिजवला. कोणी तेव्हा म्हटलं नाही. आता म्हटलं. मी 'आभार' म्हणायला तोंड उघडलं आणि सवयीनं नातीकडे बघितलं.

तिनं लॅपटॉपवर 'कामून' लिहिलेल्या ठिकाणी बोट ठेवलं होतं. खोडायचं की नाही, एवढंच राहिलं होतं. आणि खोडणारा शब्द माझा होता.

"कामून?" मी म्हणाले.

"काय, आजी?"

"तिकडची वाटू न्हाई कामून? तिकडं मान्सं न्हाईत का? तिकडची वाटले तर काय, पुन्यात पानी येत न्हाई का तुमच्या नळाला? पोरीनं तिचा शब्द का म्हनून सोडावा? तुमाला कळना म्हून? का म्हनून? तुमी कान कामून साफ करून घेईनात? का म्हनून आमीच दर टायमाला जीभ धुवून यावं? कामून? सांग की रे, कामून!"

मला श्वास लागला. आणि श्वास घेता घेता माझ्यातली मास्तरीण जागी झाली, कारण मी आत्ता काय बोलले ते माझ्याच कानावर पडलं होतं. का म्हणून. का म्हनून. कामून. इतक्या वर्षांत मला सुचलं नव्हतं! तो शब्द गावठी नव्हता, नुसता घाईचा होता. लोक इतक्यांदा विचारत आले, आणि इतक्या घाईत असताना विचारत आले, की बोलता बोलता त्याच्या कडा झिजून गेल्या होत्या.

नातीनं दोन्ही हात तोंडावर धरले होते. लॅपटॉपच्या पडद्यावर रेकॉर्डिंगचा लाल ठिपका पेटलेला होता, माईक बंद करायचा राहूनच गेला होता.

मग दाढीवाला हळूच म्हणाला, "आजी... रेंज गेली होती मध्येच. शेवटचं परत एकदा म्हणता का?"

"कामून?" मी विचारलं.

"हां," तो म्हणाला. "तेच."

त्यानं नातीला ते रेकॉर्डिंग पाठवायला सांगितलं. बराच वेळ गेला. आजोबा येरझाऱ्या घालायला लागले, तर त्यांच्या चपलेचा आवाज नको म्हणून नातीनं त्यांना बसवून ठेवलं. रेकॉर्डिंग संपलंय, आता चप्पल वाजली तर काय, हे तिघांपैकी कोणाच्याच डोक्यात आलं नाही. शेवटी त्याचा निरोप आला. शब्द ठेवू. पण अल्बमच्या वेष्टनावर नावाखाली अर्थ द्यावा, म्हणजे लोकांचा घोळ होणार नाही.

"अर्थ द्यायचा न्हाई," नात म्हणाली.

"अगं, दे ना. एवढं ऐकलं त्यानं," मी म्हटलं.

"न्हाई. एकदा कम ऑन ऐकू आलं तर येऊ दे. दुसऱ्यांदा ऐकतेन. तिसऱ्यांदा विचारतेन. विचारतेन, आज्जी! तेच तर पायजे की."

अर्थ दिला नाही. माझं भांडण मात्र तिनं तसंच्या तसं ठेवलं. पुण्याच्या नळासकट. अल्बम सुरू होतो तोच माझ्या आवाजानं, मागं कुठल्यातरी वाकळेच्या पलीकडं आजोबा खोकतात, आणि मी 'कामून!' म्हणते तिथं हलगी पडते. आजोबांनी खोकल्याबद्दल आपलं नाव वेष्टनावर पाहिजे म्हणून मागणी केली. ती फेटाळली गेली. त्याबदल्यात बसच्या गाण्यात त्यांना एक 'होल्डान!' मिळाला.

अल्बम बाहेर आला म्हणजे काय झालं, ते मला काही दिवस कळलंच नाही. मला वाटलं होतं, काहीतरी डबा येईल, पताका लागतील. तो नुसता फोनात आला. आम्ही जेवायला बसलो होतो, नात म्हणाली, "आला," आणि आम्ही परत भाजी वाढून घेतली. मुलाला कळलं. तो फोनवर म्हणाला, "आई, तू भांडलीस भारी. पण परीक्षेचं काय?" मी म्हटलं, परीक्षा देईल, कामून देणार नाही? तो एकदम हसायला लागला. चाळीशी ओलांडलेला माणूस, लहान पोर खिदळतं तसं हसला. घरात त्यानं माझ्या तोंडून हा शब्द कधी ऐकलाच नव्हता.

पण नातीच्या मनात एकच किडा. पुण्यात, मुंबईत, कुठं कुठं लोक ऐकायलेत असं तिच्या फोनात दिसायचं. ते काय ऐकायलेत ते दिसायचं नाही. "कम ऑन ऐकायलेत का कामून?" ती दिवसातून कितीदा तरी विचारायची. "सांग की आज्जी." मला कसं कळणार? मी म्हणायची, "जाऊन विचार."

मग एका सकाळी दारापुढं जीप थांबली. गावोगावी माणसं नेणारी, आत भरलेली, बाहेरही माणसं लोंबकळणारी. ड्रायव्हर उतरला, डोक्यावरचा रुमाल काढला. मी ओळखलं नाही. टक्कल पडलं होतं.

"बाई, म्या तुमच्या हाताखालचा. चौथीचा."

"हो का! ये ये. कसा आहेस?"

"चांगला हाव. बाई, एक काम हुतं." त्यानं मागं वळून जीपमधल्या लोकांकडे बघितलं. सगळे कान देऊन बसले होते. त्यांना उशीर होत असेल, तर एकाच्याही तोंडावर तसं दिसत नव्हतं. "चौथीला निबंध लिवलतो म्या. 'आमची म्हैस'. त्यात 'म्हैस कामून रुसली' लिवलं तर तुमी तांबड्या पेनानं खोडून दोन मार्क कापलाव. आता तुमीच गान्यात कामून म्हनून वरडायलाव. ते दोन मार्क परत द्या."

जीप हसून हलायला लागली. एक लुगड्यातली म्हातारी कानडीत शेजारच्या माणसाला विचारत होती, "यारु ई अज्जी?" ही आजी कोण म्हणून. तो म्हणाला, "गाण्यातली. भांडणारी."

"दिले," मी म्हटलं. "पण शुद्धलेखनाचे कापणार."

"त्ये कापा," तो म्हणाला, गाडीत बसला आणि गाणं लावलं. जीपच्या त्या फाटक्या स्पीकरमधून माझंच भांडण बाहेर आलं आणि अख्ख्या गल्लीत पसरलं. शेजारीण दारात आली. तिला टायफाइडचं खरं काय ते आता कधीतरी सांगावं लागणार होतं. मग हलगी पडली, नातीचा आवाज सुरू झाला, आणि जीप धूळ उडवत निघाली.

तेवढ्यात आतून नात पळत आली. तिचे केस ओले, पायात काही नाही.

"आज्जी, शेवटाला काय म्हनले ते लोक?"

"अजून कडवं संपायचंय गं—"

तिनं पुढचं ऐकलंच नाही. ती त्या ढगळ सदऱ्यात, अनवाणी, जीपमागं पळत सुटली. रस्ता तापायला लागला होता, ती उड्या मारत पळत होती, कुत्री उठून तिच्यामागं लागली, पीठगिरणीवाल्यानं बाहेर येऊन विचारलं, "काय चोरी झाली का?" वळणापाशी ती दिसेनाशी झाली. आजोबा दारात येऊन ओरडले, "होल्डान!" पण तोवर फार उशीर झाला होता.

बऱ्याच वेळानं ती परत आली, एका पायावर लंगडत, धापा टाकत. तोंड लाल. पायरीवर बसली. मी तांब्या दिला, तो तिनं अर्धा प्यायला, अर्धा पायांवर ओतला.

"बोल की गं," मी म्हटलं. "काय म्हनायलेत?"

"सगळे," ती म्हणाली, आणि तिला बोलता येईना, हसू आणि श्वास एकदमच बाहेर यायला लागले. "सगळे कामूनच म्हनायलेत आज्जी. ती म्हातारी तेवढी कानडीतलं कामून, 'याके? याके?' म्हनायलीय. पन ठेक्यात म्हनायलीय."